सेल्फ मारण्याआधी : टायमिंग बेल्टचा बिघाड शोधण्याची कृती

गाडी चालता चालता बंद पडली की आपल्याकडे पहिला हात किल्लीकडे जातो. सेल्फ मारून बघायचा, नाही उचलली तर पुन्हा मारायचा, तरीही नाही तर चार माणसं गोळा करून धक्का द्यायचा. बॅटरी उतरली असेल तर धक्क्याने काम भागतं. डिझेल आटलं असेल तर दोनचार सेल्फने फारसं बिघडत नाही. पण टायमिंग बेल्ट तुटला असेल किंवा दाते सोडून सरकला असेल, तर हाच सेल्फ आणि हाच धक्का पिस्टनला वॉल्व्हवर आदळवतो. पट्टा बदलून भागलं असतं तिथे हेड खोलायची वेळ येते. म्हणून या कृतीचा पाया एकच आहे : आधी ऐका, मग बघा, मग हाताने फिरवा, आणि सेल्फ सगळ्यात शेवटी.

बुलढाणा जिल्ह्यात हे नीट समजून घेण्याची जास्त गरज आहे. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि बॉनेटखालची हवा त्याहून कितीतरी तापलेली असते. घाटावर चिखली, मेहकर, लोणारकडे शेतरस्त्यांची धूळ आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. त्यात आता समृद्धी महामार्गावर तासन्‌तास एकाच चढ्या वेगाने गाडी पळवण्याची सवय. उष्णता, धूळ आणि फेरे हे रबरी पट्ट्याचं आयुष्य खाणारे तिन्ही घटक इथे एकत्र भेटतात.

पट्टा नेमकं काय करतो

खाली क्रँक फिरतो, त्यावर पिस्टन वर-खाली होतात. वर हेडमध्ये कॅम फिरतो, तो वॉल्व्ह उघडतो आणि मिटू देतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा बरोबर एक फेरा व्हायला हवा. हा मेळ दात्यांचा रबरी पट्टा राखतो, तोच टायमिंग बेल्ट. इंजिन ३००० फेऱ्यांवर असेल तर कॅम मिनिटाला १५०० फेरे घेतो, म्हणजे प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. सिंदखेडराजाच्या बाजूने समृद्धीवर चढून तासभर याच फेऱ्यांवर गाडी चालवली तर क्रँकचे १ लाख ८० हजार फेरे होतात, आणि त्यातल्या एकाही फेऱ्यात पट्ट्याने दाता सोडून चालत नाही.

दाता सोडला तर किती फरक पडतो, याचाही हिशेब करून बघा. क्रँकच्या पुलीला २० दाते आहेत असं धरलं, तर एक दाता म्हणजे क्रँकचे १८ अंश. एवढ्या फरकाने गाडी चालू राहू शकते, पण ओढत नाही, इंधन जास्त खाते आणि सकाळी उचलायला त्रास देते. आणखी दाते सुटले की बऱ्याच इंजिनांत पिस्टन वर येतो तेव्हा वॉल्व्ह अजून उघडाच असतो आणि दोघांची टक्कर होते. डिझेल इंजिनात पिस्टन आणि हेड यांच्यामध्ये जागा अगदी कमी असते, त्यामुळे तिथे ही टक्कर जवळपास ठरलेलीच. पेट्रोलच्या काही जुन्या इंजिनांत वॉल्व्ह वाचतात. आपलं इंजिन त्यातलंच असेल असं मात्र कधीही धरून चालू नये.

तुमच्या गाडीत पट्टा आहे की साखळी?

सगळ्या गाड्यांत टायमिंग बेल्ट नसतो, हे आधी पक्कं करा. जुनी मारुती ८००, ओम्नी, सुरुवातीची झेन, सँट्रो, इंडिकाचं १.४ लिटरचं डिझेल, डस्टरचं १.५ डिझेल आणि शेगावच्या दर्शनाच्या फेऱ्यांनी आपल्या रस्त्यांवर घरोघर ओळखीची झालेली जुनी २.५ लिटर डिझेल इनोव्हा, या गाड्यांत पट्टा आहे. स्विफ्ट आणि डिझायरच्या १.३ डिझेलमध्ये साखळी आहे. एकाच नावाच्या गाडीत इंजिन बदललं की हेही बदलतं : आय-टेनच्या १.१ इंजिनात पट्टा आणि १.२ मध्ये साखळी. म्हणून गाडीच्या नावावर जाऊ नका, इंजिनचा प्रकार बघा आणि त्याच इंजिनची पुस्तिका मिळवा.

ढोबळ ओळख अशी : इंजिनच्या बाजूला प्लास्टिकचं, बारीक बोल्टांवर बसवलेलं झाकण असेल तर आत बहुधा पट्टा असतो. तिथे लोखंडाचं किंवा अॅल्युमिनियमचं, तेल गळू नये म्हणून पॅकिंग लावून बंद केलेलं झाकण असेल तर आत साखळी असण्याची शक्यता जास्त.

रस्त्यात गाडी बंद पडली तर

१. आधी माणसं सांभाळा. बुलढाण्याहून मोताळ्याकडे राजूर घाट उतरताना इंजिन बंद पडलं, तर गाडी न्यूट्रल करू नका. गिअरमध्येच राहू द्या, वेग आटोक्यात राहील. इंजिन बंद झाल्यावर ब्रेक एक-दोन दाबांपुरताच हलका लागतो, मग पेडल दगडासारखं घट्ट होतं. म्हणून ब्रेक सोड-धर करू नका, एकदाच जोर लावून दाबून धरा. स्टिअरिंगही जड होतं, दोन्ही हातांनी वळवा. किल्ली पूर्ण बंद करून काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. गिअरमध्ये ठेवल्याने इंजिनला अजून इजा होईल ही काळजी अशा वेळी करायची नाही. पट्टा चालत्या गाडीत तुटला असेल तर जी टक्कर व्हायची ती पहिल्या काही फेऱ्यांतच झालेली असते.

२. गाडी कडेला घ्या, हँडब्रेक ओढा, चाकामागे दगड लावा, धोक्याचे दिवे चालू करा आणि मागे पुरेशा अंतरावर त्रिकोण ठेवा. महामार्गावर असाल तर सगळ्यांनी कठड्याच्या पलीकडे उभं राहायचं. मलकापूर-नांदुरा-खामगाव हा राष्ट्रीय महामार्ग आहे, तिथे १०३३ वर मदत मागता येते.

३. काय झालं ते आठवा. इंजिन झटके देत, मिसिंग करत बंद पडलं की एका क्षणात, दिवा विझावा तसं गेलं? तापमानाचा काटा चढला होता का? तेलाचा दिवा आधी लागला होता का? झटके देत बंद पडणं हे बहुतेक वेळा डिझेल-पेट्रोलच्या पुरवठ्याचं दुखणं असतं. एका क्षणात बंद आणि त्याआधी काहीच त्रास नाही, तर टायमिंग बेल्टचा संशय पहिला घ्या.

४. सेल्फ मारून झाला असेल तर त्याचा आवाज आठवा. चांगल्या इंजिनचा सेल्फ एका ठेक्यात घरर-घरर करतो, कारण प्रत्येक पिस्टन हवा दाबताना सेल्फला थोडा अडवतो. पट्टा तुटला असेल तर हा ठेका नसतो. सेल्फ हलका, सरळ, नेहमीपेक्षा वेगाने फिरतो, बॅटरी मात्र भक्कम असते. हा आवाज ऐकला की पुन्हा किल्ली फिरवू नका.

५. धक्का नाही, गिअर टाकून ओढणं नाही. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, शक्यतो उचलून नेणाऱ्या गाडीवर घालून न्या. दोरीने ओढायचीच असेल तर ब्रेक आणि स्टिअरिंग जड आहे हे पुढच्या चालकाला आधी सांगा आणि वेग अगदी कमी ठेवा. ऑटोमॅटिक गिअरची गाडी दोरीने ओढू नका.

कामाला बसण्याआधी लागणारं साहित्य

गोटी पान्यांचा संच, टॉर्क पाना, जॅक आणि दोन स्टँड, इंजिनला खालून आधार द्यायला लाकडी ठोकळा, चांगली बॅटरी (हातातली, उजेडाची), आरसा, कापड, हातमोजे, कॉम्प्रेशन मोजण्याचा गेज, त्या इंजिनची पुस्तिका आणि ती सांगेल ती लॉकिंग पिन (कॅम-क्रँक जागेवर अडवून ठेवणारी). पुस्तिकेशिवाय तपासणी करता येते, पट्टा बसवता येत नाही. क्रँक-कॅमचा मेळ दाखवणाऱ्या खुणा कुठे आहेत, टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी पुली) कोणत्या बाजूला फिरवायचा, बोल्ट किती कसायचे, हे प्रत्येक इंजिनात वेगळं असतं. मोबाइलवरचं एखादं चित्र त्याची जागा घेऊ शकत नाही.

गाडी पूर्ण थंड होऊ द्या. किल्ली काढून खिशात ठेवा, बॅटरीची ऋण वायर सोडा. झाकण उघडून कुणी बोटांनी पट्टा चाचपत असताना दुसऱ्याने किल्ली फिरवली, तर बोटं जातात.

चालू गाडीची लक्षणं : कशावरून काय ओळखायचं

चीं-चीं आवाज, विशेषतः सकाळी किंवा पाऊस लागल्यावर : हा बहुतेक वेळा बाहेरचा फॅन बेल्ट किंवा अल्टरनेटरचा पट्टा असतो. दात्यांचा टायमिंग बेल्ट असा घसरून ओरडत नाही.

एकसारखी घरघर किंवा बारीक शिट्टी, रेस वाढवली की वाढणारी, झाकणाच्या आतून येणारी : टेन्शनर, आयडलर (पट्ट्याला वाट दाखवणारी मोकळी पुली) किंवा वॉटर पंपाचं बेअरिंग. हे लक्षण सगळ्यात मोलाचं आहे, कारण पट्टा तुटण्याआधी मिळणारी ही पुरेशी मोठी सूचना आहे.

झाकणाला आतून पट्टा घासल्याचा, फटफटल्याचा आवाज : पट्टा सैल आहे किंवा एका बाजूला सरकला आहे. गाडी चालवू नका.

पिकअप गेला, इंजिन थरथरतं, उचलायला वेळ लागतो, इंजिनचा पिवळा दिवा लागला : दाता सुटला असण्याची शक्यता. स्कॅनरवर पी००१६ हा कोड आला तर क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही असा त्याचा अर्थ. पी०३४० कॅम सेन्सरकडे आणि पी०३३५ क्रँक सेन्सरकडे बोट दाखवतो. कोड आला म्हणून लगेच सेन्सर बदलू नका, आधी खुणा जुळतात का ते बघा. खराब वायर आणि सुटलेला दाता दोन्ही एकच कोड देऊ शकतात.

झाकणाच्या खालून तेल किंवा कूलंट : आतल्या ऑइल सीलची किंवा वॉटर पंपाची गळती. ही दोन्ही पट्ट्याची वैरी आहेत.

तपासणी, पायरी पायरीने

१. वरचं झाकण उघडा. बहुतेक गाड्यांत वरचं अर्धं झाकण थोड्या बोल्टांवर असतं आणि इंजिन न हलवता निघतं. झाकणाच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवा. काळी बारीक भुकटी असेल तर पट्टा घासतो आहे. तेलकट थर असेल तर कॅमचं सील गळतं आहे.

२. पट्टा जागेवर आहे का ते बघा. तुटलेला असेल, लोंबत असेल, दाते साफ गेलेले असतील, तर इथेच थांबा. क्रँक हातानेही फिरवू नका. पुढची "पट्टा तुटला असेल तर" ही कृती करा.

३. पट्टा शाबूत असेल तर हाताने इंजिन फिरवा. गाडी न्यूट्रलमध्ये घ्या. पेट्रोलमध्ये स्पार्क प्लग, डिझेलमध्ये हीटर प्लग काढले की फिरवणं सोपं जातं. क्रँकच्या बोल्टवर गोटी पाना लावून इंजिनच्या चालण्याच्या दिशेनेच हळू फिरवा. पुलीकडून बघितलं तर बहुतेक इंजिनं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, पण काही जुनी होंडा इंजिनं उलटी फिरतात, म्हणून पुस्तिकेत बघून घ्या. मध्येच टणक अडथळा लागला तर जोर लावू नका. तो बहुधा पिस्टनचा वॉल्व्हला लागलेला स्पर्श असतो.

४. फिरवता फिरवता पट्ट्याची बोट-बोट लांबी तपासा. पाठीवर चिरा, दात्यांच्या मुळाशी भेगा, कडेला सुटलेले धागे, चकाकी आलेली पाठ, तेलाने फुगलेलं रबर, उडालेला किंवा अर्धवट झिजलेला दाता. यातलं एक जरी दिसलं तरी पट्टा बदलायचा, "अजून चालेल" हा विचार करायचा नाही.

५. दिसायला चांगला पट्टा म्हणजे चांगला पट्टा, असं धरू नका. आताच्या पट्ट्यांचं रबर असं आहे की आयुष्य संपलं तरी पृष्ठभागाला चिरा पडतीलच असं नाही. आत ताण पेलणारे धागे असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून किलोमीटर आणि वर्षं यांचा हिशेब डोळ्यांपेक्षा वरचढ.

६. ताण तपासा. पुस्तिकेत ताण मोजायची पद्धत दिली असेल तीच वापरा. जुन्या, हाताने कसायच्या टेन्शनरवर मिस्त्री दोन पुलींमधला सगळ्यात लांब भाग बोटांनी पिळून बघतात आणि साधारण पाव फेऱ्यापर्यंत वळला तर ताण ठीक मानतात. हा अंदाज आहे, अंतिम मोजमाप नव्हे. आपोआप ताणणाऱ्या टेन्शनरला तो लागूच पडत नाही, तिथे टेन्शनरवरचा काटा त्याच्या खुणेसमोर आहे का ते बघायचं.

७. खुणा जुळवा. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर येईपर्यंत क्रँक फिरवा. क्रँक पुलीवरची खूण इंजिनवरच्या खुणेसमोर आणली की कॅमच्या पुलीची खूणही हेडवरच्या खुणेसमोर यायला हवी. ती उलट्या बाजूला दिसली तर घाबरू नका, क्रँकचा आणखी एक पूर्ण फेरा द्या, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक. त्यानंतरही कॅमची खूण एखादा दाता पुढे-मागे असेल तर पट्टा सरकलेला आहे. काही डिझेल इंजिनांत हाच पट्टा डिझेल पंपही फिरवतो, त्यांत पंपाची खूणही बघा.

८. खुणा जुळल्या, पट्टा चांगला, तरी गाडी उचलत नाही? मग दुखणं दुसरीकडे आहे : फिल्टर, इंधन, सेन्सर, वायर. पट्ट्यावरचा संशय इथे संपवा आणि झाकण लावून टाका.

पट्टा तुटला असेल तर

पहिलं काम वॉल्व्ह वाचले की वाकले हे ठरवणं. नवा पट्टा चढवून सेल्फ मारून बघू, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँक खुणेपासून पाव फेरा मागे आणला की चारही पिस्टन मधोमध येतात आणि वॉल्व्हांना मोकळी जागा मिळते. हा पाव फेरा फिरवतानाही हात हलका ठेवा, अडलं की थांबा. आता कॅम हळूच फिरवून त्याच्या खुणेवर आणा आणि मग क्रँक पुन्हा आपल्या खुणेवर. तीन सिलिंडरच्या इंजिनात सगळे पिस्टन असे एकाच वेळी मधोमध येत नाहीत, तिथे पुस्तिकेतलीच पद्धत वापरा.

तपासणीपुरता पट्टा चढवा, ताणा आणि हाताने क्रँकचे दोन पूर्ण फेरे द्या. कुठेही अडलं नाही, तरच कॉम्प्रेशन तपासा. इंधन आणि स्पार्क बंद करून, गेज लावून, प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्या. पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १४ आणि डिझेलमध्ये २५ किंवा त्याहून जास्त किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब असतो. नेमका आकडा पुस्तिकेतला. एखाद्या सिलिंडरला दाबच नसेल किंवा तो बाकीच्यांच्या निम्म्यावर असेल, तर त्याचा वॉल्व्ह वाकलेला आहे आणि हेड उतरवावंच लागेल. कॅमेरा आत घालता आला तर पिस्टनच्या माथ्यावर वॉल्व्हच्या चंद्रकोरीसारख्या ताज्या खुणा दिसतात का ते बघा, हेड उतरवण्याआधीच उत्तर मिळतं.

हेड उतरलं तर फक्त वाकलेले वॉल्व्ह बदलून थांबू नका. वॉल्व्ह गाइड, रॉकर आणि कॅमही तपासायला सांगा. हेडचा सपाटपणा तपासून घ्या, गरज असेल तरच ते मशीनवर सपाट करायचं, आणि हेडचे बोल्ट पुस्तिकेत सांगितले असतील तर नवेच घालायचे.

पट्टा का गेला, हे शोधल्याशिवाय नवा घालू नका

निम्मी चुकीची दुरुस्ती इथे होते. तुटलेला पट्टा फेकून देऊ नका, तो हातात घेऊन वाचा.

एकच कड झिजलेली, धागे सुटलेले : पुली एका सरळ रेषेत नाहीत किंवा टेन्शनरचं बेअरिंग वाकडं झालं आहे.

एकाच जागी काही दाते साफ गेलेले, बाकीचे चांगले : काहीतरी अडलं होतं. बहुधा वॉटर पंप किंवा आयडलर जाम झाला.

रबर मऊ, फुगलेलं, दाते हाताने सुटतात : तेल. क्रँकचं किंवा कॅमचं सील बदलल्याशिवाय नवा पट्टाही असाच जाईल.

सरळ, स्वच्छ तुटलेला, दाते चांगले : पट्टा बसवताना मुडपला होता किंवा एखादा खडा आत गेला होता.

पाठीवर आडव्या चिरा, रबर कडक : वय आणि उष्णता.

खड्याचा मुद्दा आपल्या भागात विशेष लक्षात ठेवा. पावसाळ्यात शेतातून गाडी काढली की काळी माती चाकाच्या आतल्या प्लास्टिकला थापली जाते आणि वाळली की खड्यासारखी टणक होते. ते प्लास्टिक तुटलं असेल, टायमिंगचं खालचं झाकण फुटलं असेल किंवा त्याचं रबरी पॅकिंग मागच्या कामात परत लावलंच नसेल, तर मातीचा ढेकूळ थेट पुलीच्या दात्यांत जातो. दात्यांच्या खाचा मातीने भरल्या की पट्टा खोल बसत नाही, वर उचलला जातो आणि दाता सोडतो. प्लास्टिकच्या त्या तुकड्याला फार किंमत पडत नाही, तो आहे की नाही हे प्रत्येक सर्व्हिसिंगला बघा.

टेन्शनर आणि आयडलर हाताने फिरवा. खरखर, अडखळणं, बाजूला हलणं हे तर वाईटच, पण बेअरिंग अगदी सैल, कितीतरी वेळ गरगरत राहत असेल तेही वाईट, आतलं ग्रीस संपलं आहे. वॉटर पंपाचा शाफ्ट हलवून बघा आणि त्याच्या बारीक छिद्राखाली कूलंटचे हिरवे-गुलाबी डाग वाळले आहेत का ते तपासा.

नवा पट्टा बसवताना

१. संच घ्या. पट्टा, टेन्शनर आणि आयडलर एकत्र बदला. पट्टा वॉटर पंप फिरवत असेल तर पंपही. मजुरी एकदाच लागते, आणि जुनं बेअरिंग नव्या पट्ट्याचा जीव घेतं.

२. क्रँकचा बोल्ट सैल करायला सेल्फ वापरू नका. पान्याला पाइप अडकवून सेल्फ मारायची पद्धत कित्येक ठिकाणी चालते. त्यात पाना उडाला तर माणूस जखमी होतो आणि फेरा चुकला तर इंजिन जातं. क्रँक धरायचं साधन वापरा.

३. जुन्या पट्ट्यावर पांढरा पेंट लावून त्या खुणा नव्या पट्ट्यावर उतरवू नका. जुना पट्टा आधीच दाता सोडून बसला असेल तर तीच चूक नव्यावर जाते. पुस्तिकेतल्या खुणांवर कॅम आणि क्रँक आणा, लॉकिंग पिन लावा, मगच जुना काढा.

४. पट्टा हाताळताना तो मुडपू नका, पिळू नका, स्क्रू ड्रायव्हरने ढकलून चढवू नका. आतले धागे तुटतात आणि ते बाहेरून दिसत नाही. हातावर तेल नको. पट्ट्यावर साबण, मेण, रॉकेल, पावडर काहीही लावायचं नाही.

५. क्रँकपासून सुरुवात करा. जिथे टेन्शनर नाही ती बाजू आधी पूर्ण ताणून चढवा, ढील टेन्शनरच्या बाजूला येऊ द्या, मग टेन्शनर लावा. पट्ट्यावर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने.

६. पिना काढा, हाताने क्रँकचे दोन फेरे द्या आणि खुणा पुन्हा बघा. जुळल्या नाहीत तर सगळं परत. "थोडं इकडे-तिकडे चालतं" असं इथे काही नसतं. ताण पुन्हा तपासा, टेन्शनर टॉर्क पान्याने सांगितलेल्या मापाने कसा.

७. झाकणं पूर्ण लावा, सगळ्या बोल्टांसह आणि पॅकिंगसह. गेलेल्या बोल्टाच्या जागी नवा घाला. उरलेल्या फटीतून धूळ आत जाते.

८. आता सेल्फ. इंजिन उचलल्यावर पाच मिनिटं उभं राहून ऐका. घरघर, घासणं, फटफट यातलं काहीही ऐकू आलं तर लगेच बंद करा.

मुदत आणि नोंद

बहुतेक इंजिनांना कंपनी ६० हजार ते १ लाख किलोमीटरच्या आसपास पट्टा बदलायला सांगते, काहींना त्याहून जास्त मुदत असते, आणि बरोबर वर्षांचीही मर्यादा असते. दोन्हींपैकी जे आधी येईल ते. कमी फिरणाऱ्या गाडीचा पट्टाही म्हातारा होतो. लग्नकार्याला आणि दर्शनालाच काढली जाणारी गाडी दहा वर्षं जुन्या पट्ट्यावर चालत असेल तर तिला लांबच्या प्रवासाला नेऊ नका. धुळीत आणि उन्हात चालणाऱ्या गाड्यांसाठी पुस्तिकेत बऱ्याचदा वेगळी, कमी मुदत दिलेली असते. बुलढाणा जिल्ह्यात तीच आपली मुदत समजा.

जुनी गाडी विकत घेतली आणि पट्टा कधी बदलला याचा कागद नसेल, तर तो बदललेलाच नाही असं धरा आणि बदलून घ्या. इनोव्हाच्या मीटरमध्ये ठरावीक किलोमीटर झाले की टी-बेल्टचा दिवा लागतो, पण तो पट्टा न बदलताही विझवता येतो. म्हणून दिव्याच्या भरवशावर राहू नका, बिल मागा.

काम झालं की झाकणाजवळ एक चिठ्ठी चिकटवा : तारीख, किलोमीटर, पट्ट्याचा क्रमांक, टेन्शनर-आयडलर-पंप बदलले की नाही, आणि पुढची बदलायची तारीख. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचं काम शिकणाऱ्या मुलांनी ही सवय पहिल्या गाडीपासून लावून घ्यावी. पुढच्या मिस्त्रीला, पुढच्या मालकाला आणि बऱ्याचदा तुम्हालाच तिचा उपयोग होतो. आणि गाडीचा जो चालक असेल, घरचा असो की पगारी, त्याला एवढं एकच बजावून ठेवा : इंजिन एका क्षणात बंद पडलं आणि सेल्फ हलका फिरतोय असं वाटलं, तर दुसऱ्यांदा किल्ली फिरवायची नाही, धक्का मारू द्यायचा नाही, फोन करायचा.